भर समुद्रात बोटीवरून पडलेला माणूस वाचतो कसा?

२४ जुलै २०१३, पहाटे साडेतीनची वेळ. अमेरिकेतल्या माँटॉक बंदरातून निघालेली 'ॲना मेरी' ही लॉबस्टर पकडणारी बोट किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटर आत होती. बोट ऑटोपायलटवर होती, दोघं जण झोपले होते आणि जॉन ऑल्ड्रिज एकटाच जागा होता. माल ठेवायची टाकी उघडायची म्हणून त्यानं झाकणावरचा जड कूलर ओढायला घेतला. कूलरची प्लास्टिकची कडी तुटली, ऑल्ड्रिज मागं फेकला गेला आणि बोटीच्या उघड्या मागच्या बाजूनं थेट अटलांटिक महासागरात पडला.

तो जिवाच्या आकांतानं ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बोट तिच्या वेगानं पुढं निघून गेली. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

तरीही जवळपास १२ तासांनी अमेरिकन कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरनं त्याला जिवंत वर उचललं. हे कसं शक्य झालं, हे समजून घेतलं की समुद्रात पडलेला माणूस कशानं मरतो आणि कशानं वाचतो, याचं उत्तर मिळतं.

पहिला शत्रू शार्क नाही, श्वास आहे

'समुद्रात पडला' म्हटलं की आपल्याला सिनेमातले शार्क आठवतात. ऑल्ड्रिजलाही शार्क दिसले होते, पण ते निघून गेले. खरा धोका त्याच्या कितीतरी आधी येतो. माणूस अचानक पाण्यात पडला, त्यातही पाणी थंड असलं, की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. पट्टीचे पोहणारेही किनाऱ्याजवळ बुडतात, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

थंड पाण्यासाठी बचाव प्रशिक्षणात '१-१०-१' असा हिशोब शिकवतात. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट. हातपाय नीट काम करतात ती साधारण १० मिनिटं, म्हणजे काही बांधायचं, पकडायचं, चढायचं ते तेवढ्यात. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हा हिशोब बर्फासारख्या पाण्याचा आहे. आपल्या अरबी समुद्राचं पाणी बहुतेक काळ २५ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळं इथं वेळ बराच जास्त मिळतो. पण ३७ अंशांच्या शरीरापुढं २८ अंशांचं पाणीही थंडच, आणि पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगानं उष्णता खेचतं. रात्र काढायची वेळ आली तर कोकणातही माणूस गारठतो.

म्हणून पडल्यावर पहिलं काम पोहणं हे नाहीच. ब्रिटनमधली आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था सांगते ते सोपं आहे: डोकं मागं टाका, कान पाण्यात गेले तरी चालतील, तोंड वर ठेवा, हातपाय हलकेच हलवत तरंगा आणि श्वास शांत होईपर्यंत दुसरं काही करू नका. निघून जाणाऱ्या बोटीमागं पोहण्यात ताकद घालवू नका. १५ नॉटच्या वेगानं जाणारं जहाज एका मिनिटात साडेचारशे मीटरहून जास्त अंतर कापतं.

गमबुटांनी बुडवलं नाही, तारलं

मच्छीमारांमध्ये एक पक्की समजूत असते, की गमबूट पाण्यानं भरले की माणसाला खाली ओढतात. ऑल्ड्रिजच्या लक्षात आलं की त्याचे बूट उलट त्याला वर ढकलतायत. त्यानं ते काढले, पाणी ओतून टाकलं, तळवा वर करून पाण्यात दाबले आणि आत अडकलेल्या हवेसकट दोन्ही काखांत धरले. झाला तराफा तयार.

त्यामुळं अंगावरचे कपडे घाईघाईनं काढून टाकू नयेत. ते ऊब धरतात, काही काळ हवाही धरतात. रिकामा कॅन, थर्माकोलचा तुकडा, मासेमारीचा बोया, जे हाती लागेल ते धरायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरतच्या डुमस किनाऱ्यावरून एक शाळकरी मुलगा समुद्रात ओढला गेला. विसर्जन झालेल्या गणपतीच्या मूर्तीखालची लाकडी चौकट त्याच्या हाती लागली. तिच्या आधारानं तो सुमारे २४ तास तरंगत राहिला आणि नवसारीच्या मच्छीमारांच्या बोटीनं त्याला बाहेर काढलं.

समुद्राचं पाणी मात्र कितीही तहान लागली तरी प्यायचं नाही. त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीर आतलंच पाणी वापरतं आणि माणूस आणखी कोरडा पडतो.

तरंगलात, पण दिसणार कसे?

खरा पेच इथं आहे. लाटांमध्ये माणसाचं फक्त डोकं दिसतं, म्हणजे एक नारळ. शेकडो चौरस किलोमीटर पाण्यात तो नारळ हेलिकॉप्टरमधून शोधायचा.

ऑल्ड्रिजला हे ठाऊक होतं. उजाडल्यावर त्यानं लॉबस्टरच्या सापळ्यांना बांधलेले बोये शोधायला सुरुवात केली. एक मिळाला, मग दोर कापून तो सोबत घेत तो दुसऱ्याकडं गेला आणि दोन्ही एकत्र बांधले. आता तो वाहून जाणार नव्हता आणि नुसत्या डोक्यापेक्षा मोठा दिसणार होता.

तिकडं बोटीवर त्याचा जोडीदार अँथनी सोसिन्स्की सकाळी सहाच्या सुमाराला उठला, तर ऑल्ड्रिज गायब. तोवर बोट बरीच पुढं आली होती. तो नेमका कधी पडला हे कुणालाच माहीत नव्हतं. रात्री नऊ की पहाटे पाच? सगळा शोध या एका प्रश्नावर अडला होता, कारण वेळ माहीत नसेल तर जागा कळत नाही. मग सोसिन्स्कीला तुटलेली कडी दिसली. कूलर हलवायचं काम ऑल्ड्रिज प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर करतो, हे त्याला माहीत होतं. तेवढ्यावरून कोस्ट गार्डला शोधाचा पट्टा बदलता आला. त्यांचं सॉफ्टवेअर वारा आणि प्रवाहांवरून माणूस कुठं वाहत गेला असेल याच्या हजारो शक्यता मांडतं. आपल्याकडं हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेनं याच कामासाठी 'सारॅट' ही प्रणाली बनवली आहे. पण पडल्याची वेळच चुकीची दिली तर कितीही भारी सॉफ्टवेअर चुकीच्याच पाण्यात शोधणार. माँटॉकच्या वीसेक मच्छीमार बोटीही शोधाला निघाल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला ऑल्ड्रिज सापडला.

बोटीवरच्यांनी काय करायचं?

कुणी पडताना दिसलं तर आधी ओरडून सगळ्यांना सांगायचं आणि तरंगणारं जे असेल ते पाण्यात फेकायचं. एका माणसानं दुसरं कुठलंही काम न करता पडलेल्याकडं बोट रोखून उभं राहायचं. नजर हटली की माणूस हरवला. जीपीएसवर त्या जागेची खूण लगेच करायची. मागोमाग उडी मारायची नाही, नाहीतर शोधायला दोघं होतात.

मोठी जहाजं अशा वेळी 'विल्यमसन टर्न' घेतात. आधी सुकाणू पडलेल्या माणसाच्या बाजूला पूर्ण वळवायचं, दिशा साधारण ६० अंश बदलली की उलट बाजूला पूर्ण वळवायचं. असं केलं की जहाज आल्या वाटेनंच मागं येतं. रात्री याचा फार उपयोग होतो.

वर काढताना शक्यतो आडवंच उचलायचं. पाण्याचा दाब रक्ताभिसरणाला आधार देत असतो. माणसाला झटकन उभं ओढलं की रक्तदाब कोसळतो, आणि तासन्‌तास तग धरलेला माणूस बोटीवर आल्यावर दगावू शकतो. आडवं ठेवा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या. दारू अजिबात नको, हातपाय चोळायचेही नाहीत.

लाइफ जॅकेट सीटखाली असून उपयोग नाही

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळ 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, १८६ वाचले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून खवळलेल्या पाण्यात कित्येक तास काढले होते. घोळका करून राहण्याचा फायदा दुहेरी आहे, ऊब टिकते आणि लांबून दिसतंही.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. आधीपासून जॅकेट घातलेलं का नव्हतं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. बुडत्या बोटीवर गर्दीत जॅकेट शोधून पट्टे बांधायला वेळ मिळतच नाही. तासाभराच्या फेरीत उकडतं, फोटो चांगले येत नाहीत, हे खरं. तरी बसल्या बसल्या घाला, पट्टे घट्ट करा आणि शिट्टी कुठं आहे ते बघून ठेवा. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र बराच वेळ वाजवता येते.

समुद्रातल्या मदतीसाठी भारतीय तटरक्षक दलाचा टोल फ्री नंबर १५५४ आहे, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६. मच्छीमार बोटींवर इस्रोनं विकसित केलेलं संकट-संदेश यंत्र असेल तर बटण दाबताच बोटीचं ठिकाण उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळतं. फोनवर सांगताना तो नाही हे कधी लक्षात आलं एवढंच सांगू नका. त्याला शेवटचं कधी आणि कुठं पाहिलं, तेव्हा बोट कोणत्या दिशेनं चालली होती आणि त्याच्या अंगात कोणत्या रंगाचे कपडे होते, ते आधी सांगा.