तळटीप : ‘ओ’ रक्तही जुळत नाही तेव्हा
* ‘बाँबे ग्रुप’. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला हा दुर्मीळ गट सांगली-साताऱ्याकडेही आढळतो. या गटाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ प्रतिजनच नसतो. साध्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो, आणि जिवावर बेतणारी गफलत होते ती इथेच. रक्तद्रवातली ‘एच’विरोधी प्रतिपिंडे ‘एच’ असलेल्या ‘ओ’ पेशींनाही घट्ट चिकटतात. त्यांचा जोर मोजायला रक्तद्रव १:२, १:४, १:८ असा पातळ करत नेतात, प्रत्येक नळीत ‘ओ’ पेशी घालून ती यंत्रात फिरवतात. मग नळी हलकेच हलवली, की तळाची लाल टिकली एक तर धुरासारखी विरते, नाहीतर तुकड्यातुकड्यांनी सुटते. तुकडे दिसलेल्या शेवटच्या नळीतले प्रमाण म्हणजे ‘टायटर’. मूळ मजकुरातले ‘ओ कुणालाही चालते’ हे वाक्य आम्ही तसेच ठेवले आहे, पण या रुग्णांना बाँबे ग्रुपचेच रक्त लागते. — संपादक