रोज, खाडा आणि बेरोजगार

फारसीत ‘रोजगार’ म्हणजे काळ, जमाना, माणसाचे बरेवाईट दिवस. तुर्कांनी हाच शब्द उचलला, तिकडे आज त्याचा अर्थ चक्क ‘वारा’ असा आहे. हिंदुस्थानात तो पोटापाण्याकडे वळला. त्यातला ‘रोज’ मराठीने सुटा काढून कामाला लावला आणि त्यातून रोजकीर्द, रोजनिशी, रोजमुरा, रोजंदारी असा गोतावळा उभा राहिला. गावाकडे तर ‘रोज’ म्हणजे थेट दिवसाची मजुरी. ‘कांदाकाढणीला बाईचा रोज काय चाललाय?’ असे विचारतात. काम हुकले की ‘रोज बुडाला’ आणि गैरहजेरी म्हणजे ‘खाडा’. मजुराचा सगळा हिशेब एवढ्या शब्दांत भागतो.

‘बेकार’चे नशीब त्या मानाने वाईट. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘कार’ म्हणजे काम, एवढाच सरळ अर्थ. पण ज्याला काम नाही तो कुचकामी, हे समीकरण आपण इतक्या सहज पचवले की सिनेमाही बेकार झाला आणि भाजीही. ‘सुशिक्षित बेकार’ वर्षानुवर्षे मथळ्यांत होता. पुढे त्याचा ‘सुशिक्षित बेरोजगार’ झाला. शब्द सभ्य झाला खरा, पण पोराला शेजारी विचारतात ते अजूनही ‘कुठे लागला का?’ असेच. मराठीत नोकरी मिळवायची नसते, ती ‘लागते’, लॉटरीसारखी.

आता हाच सभ्य शब्द सरकारी आकड्याला चिकटला की काय होते ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी हे दोन सदस्य राजीनामा देऊन बाहेर पडले. आयोगाने मान्य केलेला २०१७-१८ चा श्रमशक्ती पाहणीचा अहवाल सरकार प्रसिद्ध करत नाही, ही तक्रार त्यामागे होती. लगेच वर्तमानपत्रात आकडा फुटला: बेरोजगारी ६.१ टक्के, ४५ वर्षांतली सर्वाधिक. निवडणूक तोंडावर होती. विरोधकांनी आकडा डोक्यावर घेतला, तर हा अंतिम अहवाल नव्हेच, असे सरकारकडून सांगण्यात आले. निकाल लागले, शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल रीतसर प्रसिद्ध झाला. आकडा तोच, ६.१. मग पाहणीची पद्धत नवी आहे, जुन्या आकड्यांशी तुलना करू नका, असा खुलासा आला. खुलासा अगदीच पोकळ नव्हता, पण त्याची वेळ फार सोयीची होती.

गंमत अशी की त्याच अहवालात ८.९ टक्के हाही आकडा होता. ६.१ निघतो ‘नेहमीच्या स्थिती’वरून, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांत माणूस मुख्यतः काय करत होता आणि जोडीला निदान तीस दिवस तरी काही काम केले का, हे पाहून. ८.९ निघतो मागच्या सात दिवसांवरून. आणि सात दिवसांची कसोटी काय? एखाद्या दिवशी एक तास काम केले असले तरी माणूस त्या आठवड्यापुरता कामात. मजूर नाक्यावर सकाळी सातला डबा घेऊन उभा राहणारा गवंड्याच्या हाताखालचा गडी घ्या. सोमवारी काम लागले, पुढे शनिवारपर्यंत तो तसाच घरी परतला. सरकारी वहीत तो रोजगारात. त्याला विचारा, तो म्हणेल, पाच रोज बुडाले.

सीएमआयई ही मुंबईची खासगी संस्था वेगळे गणित मांडते. पाहणीच्या दिवसापाशी माणूस कामावर होता का हे ती बघते आणि जो प्रत्यक्ष काम शोधतोय त्यालाच बेरोजगार धरते. जून २०२४ साठी तिचा आकडा ९.२ टक्के होता. जून २०२४ ला संपलेल्या वर्षासाठी सरकारचा ३.२. विरोधी बाकांवरून पहिला ऐकू येतो, सत्ताधारी बाकांवरून दुसरा. बाके बदलली तर आकडेही बदलतील, याबद्दल मला शंका नाही. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी मुलाखतीत पकोडे विकणाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा देशभर रंगलेले भांडणही शब्दाचेच होते. भजी तळणे हा रोजगार आहेच. त्यात रोज सुटतो का, हा प्रश्न निराळा.

मला खरी ठेच लागते ती ‘बिगार’पाशी. फारसी ‘बेगार’ म्हणजे मोबदला न देता करवून घेतलेले काम. ‘बेकार’शी त्याचे जवळचे नाते. मराठीने त्याच्यापुढे आपली ‘वेठ’ जोडली. ती संस्कृत ‘विष्टि’ची नात. अर्थ तोच, म्हणजे ‘वेठबिगार’ हा शब्द एकच गोष्ट दोनदा सांगतो. बिनमोबदल्याचे काम सरकारी पाहणीच्या अर्जातही भेटते. तिथे माणसाच्या कामाला सांकेतिक अंक असतात. ८१ म्हणजे बेरोजगार. ९२ आणि ९३ म्हणजे घरकाम करणारे. आणि २१ म्हणजे घरच्या शेतात वा धंद्यात बिनपगारी मदत करणारे. यांतले फक्त २१वाले रोजगारात. नवऱ्याच्या शेतात खुरपणारी बाई २१. तीच घरच्या चुलीसाठी सरपण आणते, गोवऱ्या थापते एवढेच धरले तर ९३, म्हणजे कामकऱ्यांत नाहीच. दोन्हीकडे तिच्या हातात दमडी येत नाही. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला वाटा २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. ही वाढ मोठीच, पण त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के या २१ अंकाखाली होत्या. तिला विचारा, ‘कामाला जाता का?’ ती ‘नाही’ म्हणेल. कारण ‘कामाला जाणे’ म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणे. आपल्या रानात ती नुसती ‘जाते’.

बेरोजगारी एका आकड्यात मावणार नाही, हे प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच सांगितले होते. म्हणून तर वर्षाची, आठवड्याची, दिवसाची अशा वेगवेगळ्या मोजण्या आल्या. अहवालांत आकडे शेजारीशेजारी छापले जातात. मथळ्यात एकच येतो.

महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आणली तेव्हा व्याख्येचा हा घोळ बाजूला ठेवला. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना १९७७ च्या कायद्यात बसली. घोषणा होती ‘मागेल त्याला काम’. बेरोजगार कोण हे पाहणीवाला ठरवणार नाही, मागणारा ठरवेल. मागणी नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर भत्ता. पण पंधरा दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख कागदावर हवी. म्हणून मजूर संघटना कामाच्या आधी मागत आल्या ती तारीख घातलेली पोच.