बट्ट्याचा हिशेब

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर नाणी बदलणाऱ्यांची भाषा बोलत असतो. एक नाणं घेऊन दुसरं देताना सराफ जी रक्कम कापायचा, तो बट्टा. आज सराफ म्हणजे सोन्याचांदीचा दुकानदार. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र नाणी बदलून देणारा. आणि तुमच्या ओळखीत कुणी पोतदार असेल, तर त्याच्या पूर्वजांपैकी कुणीतरी खजिन्यात येणारी नाणी पारखत असणार.

एवढी माणसं लागायची कारण रुपया एक नव्हताच. पेशवाईत अंकुशाचं चिन्ह असलेला अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी आणि असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरायचे. प्रत्येकाचा भाव वेगळा. आणि बट्टा नुसता चांदीच्या कसावर नव्हता! बंगालमध्ये सिक्का रुपया पाडला त्या वर्षी पूर्ण किमतीला चाले, पुढच्या वर्षी त्याच नाण्यावर बट्टा, त्यानंतर आणखी. चांदी तेवढीच, फक्त तारीख जुनी. यावर ईस्ट इंडिया कंपनीने केलेला उपाय माझ्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. तिने तारीख हार्डकोड केली. बादशाह शाह आलमच्या कारकिर्दीचं १९वं वर्ष नाण्यावर छापलं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच छापत राहिले. नाणं म्हातारंच होईना, मग वयाचा बट्टा कसा लावणार?

कंपनीच्या मुलुखात एकच रुपया आला तो १८३५मध्ये. निजामाचं चलन त्यानंतरही वेगळंच राहिलं. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हाली आणि कलदार हे शब्द असायचे. हाली हैदराबादचा, कलदार इंग्रजांचा. पुढे हिशेब ठरला तो ७ हालीला ६ कलदार. हाली पूर्ण बंद व्हायला १९५९ उजाडलं.

मोठे व्यापारी यातून वाट काढायचे ती हुंडीने. हुंडीत नुसती रक्कम नसे, ती कुठल्या रुपयात द्यायची हेही लिहिलेलं असे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात हुशारीची वाटते. चलन मोघम ठेवलं की दर ठरवायचा हक्क आपोआप पैसे मोजणाऱ्याकडे जातो.

परदेशातलं एटीएम नेमका तोच हक्क मागतं. प्रागमध्ये मी पैसे काढायला गेलो, तेव्हा मशीनने विचारलं, रक्कम कोरुनात (हो, चेक चलनाचं नाव हेच) की रुपयांत? रुपयांचं बटण मोठं, हिरवं, वर ‘हमी दर’. दुसऱ्या बटणावर ‘रूपांतर नाकारा’, असं की वाटावं पैसेच मिळणार नाहीत. मिळतात. मी नाकारलं आणि मशीनने मुकाट्याने नोटा दिल्या.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपये निवडले की दर मशीन चालवणारी कंपनी आणि तिची बँक ठरवते, आणि त्यात त्यांचा नफा धरलेला असतो. समजा, बाजारात १ कोरुना ४ रुपयांना आहे आणि मशीन ४.४० सांगतंय. ५,००० कोरुनांवर २,००० रुपये बट्टा गेला! रूपांतर नाकारलं तर व्यवहार कोरुनात नोंदला जातो आणि दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. त्यावर आपली बँक मार्कअप आणि जीएसटी लावते, म्हणजे फुकट तेही नाही, पण तो आकडा आपल्या कार्डाच्या शुल्कपत्रकात आधी वाचता येतो. शिवाय काही भारतीय बँका परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही वेगळं शुल्क घेतात; म्हणजे हिरवं बटण दाबणाऱ्याला दोनदा कात्री.

प्रागमधले नोटा बदलून देणारे काउंटर तर यासाठी कुप्रसिद्धच होते. शेवटी चेक सरकारने २०१९मध्ये कायदा बदलला. आता काउंटरवर नोटा बदलल्या आणि दर पटला नाही, तर ३ तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो (१,००० युरोपर्यंतच्या रकमेला). पावती मात्र जपून ठेवायची.

मशीनचं वापरशुल्क असेल तर ते वेगळं, आणि बहुतेकदा दर खेपेला ठरावीक. त्यामुळे मी चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढतो, कोरुनात.