‘ढ’ची कुळकथा

“लयच ढ हाये पोट्टं, गुरुजी.” वाशिमकडच्या शाळेत नाव घालायला आलेला बाप हे पोरासमोरच बोलून मोकळा होतो. एका अक्षराची शिवी. ती आली कुठून?

लिपीच्या हौशी मंडळींकडे याची तयार गोष्ट असते. अशोकाच्या ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरं ओळखू न येण्याइतकी बदलली. ढ मात्र, डोक्यावरची रेघ सोडली तर, होता तसाच राहिला. म्हणून जो काही केल्या बदलत नाही, तो ढ. लिपीपुरतं हे खरं आहे. खुद्द वाशिमात, जुन्या वत्सगुल्मात, १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. लिपी ब्राह्मीच्याच पोटची, पण शिकल्यासवरल्या माणसालाही आज त्यातली एक ओळ लागत नाही. तरी ही व्युत्पत्ती मला पटत नाही. अशोकाची ब्राह्मी प्रिन्सेपने उलगडली ती १८३७च्या सुमारास. छडीवाल्या पंतोजींना तिच्यातला ढ कुठून ठाऊक असणार? ढब्बू, ढोल्या, ढेकूळ यांच्याच जडशीळ आवाजातून हा ढ घरंगळला असावा.

त्याला पक्का पत्ता मिळाला तुकड्यांमुळे. अ, ब, क, ड हा क्रम मुळाक्षरांचा नव्हे, ए-बी-सी-डीचा. गुण पाहून तुकड्या पाडल्या की हुशार अमध्ये आणि उरलेसुरले डमध्ये. मुळाक्षरांत डच्या शेजारी कोण बसतो, हे पोरांना सांगावं लागत नाही.

दोन गुरुजींच्या शाळेत कसल्या तुकड्या! तिथे आता ‘स्तर’ आला आहे, म्हणजे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट, आणि त्याचं कूळ मुंबईचं. १९९५च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना ‘बालसखी’ दिली: वस्तीतलीच शिकलेली मुलगी, जी पंधरा-वीस जणांना रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसे. मुंबई-बडोद्यात त्याची रीतसर पडताळणी झाली. ती करणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं. २००५पासून ‘असर’ या सर्वेक्षणाची वाचनचाचणी गावोगाव पोचली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. हेच ते स्तर.

स्तराच्या गटात इयत्ता विचारत नाहीत. पाचवीतला दांडगा पोरगा तिसरीतल्या चिमुरडीशेजारी अक्षरांच्या कार्डांवर बोट ठेवून बसतो. चार शब्द सलग वाचले की उठून पुढच्या चटईवर. गोष्ट कधीच वाचून झालेली पोरं मात्र खिडकीशी ताटकळतात. त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची परीक्षा सोडली तर फारसं काही नसतं, ही माझी जुनी तक्रार.

अक्षरांच्या तक्त्यावर ढच्या शेजारी ढग काढलेला असतो.