अटकेचें कारण

वसईच्या किल्ल्याचें नांव निघालें कीं १७३९ सालचा वेढा, चिमाजीअप्पांची जिद्द आणि तटाला लावलेले सुरुंग हेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि तें योग्यच आहे. परंतु ह्याच किल्ल्याच्या इतिहासांत एक लहानसें प्रकरण असें आहे, कीं त्यांत तोफांचा गडगडाट नाहीं कीं तलवारींचा खणखणाट नाहीं. त्यांत आहे एक कैदी आणि त्याचा एक प्रश्न : मला कां धरलें? राजसत्तेखालीं प्रजाजनांचें स्वातंत्र्य कितपत सुरक्षित आहे हें मोजण्याचीं मापें पुष्कळ आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणें त्यांतलें पहिलें आणि सर्वांत सोपें माप हा प्रश्नच होय. त्याचें उत्तर देण्यास सत्ता बांधलेली आहे, कीं तें देणें न देणें तिच्या मर्जीवर अवलंबून आहे, एवढें पाहिलें म्हणजे तिची परीक्षा होते.

हा कैदी म्हणजे चार्ल्स डेलॉन नांवाचा एक तरुण फ्रेंच वैद्य. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. आणि १५६० मध्यें गोव्यांत स्थापन झालेल्या इन्क्विझिशन नामक धर्मन्यायालयाची सत्ता उत्तर कोंकणांतील त्यांच्या मुलखावरहि चालत असे. डेलॉन दमणास वैद्यकी करीत होता. बाप्तिस्मा, मूर्ति इत्यादि धर्मविषयांवर तो कांहींसें मोकळेपणानें बोलला, आणि १६७३ सालीं त्यास अटक झाली. १६७४ च्या जानेवारींत गोव्यास नेतांना वाटेंत त्यास वसईच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें होतें. पुढें गोव्यांत त्यास न्यायासनासमोर उभें केलें, तेव्हां त्यासच विचारण्यांत आलें कीं, आपल्याला कशासाठीं धरलें आहे हें त्यास ठाऊक आहे काय! जें सत्तेनें सांगावयाचें, तें कैद्यानें ओळखून सांगावयाचें, अशी ही उफराटी रीत होती. आठवत होतें तेवढें त्यानें सांगून टाकलें. तरी राहिलेलें आठवून सांग, असें त्यास पुनःपुन्हां बजावण्यांत आलें. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारांचीं नांवें गुप्त राहिलीं. एकांतकोठडींत त्यानें आत्महत्येचेहि प्रयत्न केले. शेवटीं १६७६ मध्यें मालमत्तेची जप्ती, हिंदुस्थानांतून हद्दपारी आणि पोर्तुगालांत पांच वर्षें सक्तमजुरी अशी शिक्षा त्यास झाली. तो मुदतीपूर्वीं सुटला आणि त्यानें आपली हकीकत लिहिली. ती १६८७ मध्यें प्रसिद्ध झाली म्हणून आज आपल्याला हें कळतें.

कारण न कळण्यानें मनुष्याचें काय जातें, हें ह्या हकीकतींत स्पष्ट दिसतें. कारण कळलें नाहीं तर वकिलानें कशाचा प्रतिवाद करावा? साक्षीदार कोणते बोलवावे? जामीन कोणत्या आधारावर मागावा? बाकीचे सारे हक्क ह्या एका हक्काच्या खुंटीवर टांगलेले असतात. खुंटी उपटली कीं सारेच खालीं येतात.

१७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. शिबंदीनें शस्त्रांसह व निशाणांसह बाहेर पडावें, रहिवाशांनीं आपली चीजवस्त न्यावी, आणि जे ख्रिस्ती लोक मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्यास मोकळीक असावी, अशीं कलमें त्या वेळच्या तहांत लिहिलीं गेलीं. त्या कलमांना आजच्या अर्थानें नागरिकांचे हक्क म्हणतां येणार नाहीं. तथापि विजयी सेनापतीची मेहेरबानी निराळी आणि त्याचा लेखी करार निराळा. मेहेरबानी उद्यां फिरते. करार दाखवून जाब विचारतां येतो.

परंतु लेखी कायदाहि स्वातंत्र्याचा रक्षकच असतो असें नाहीं. इंग्रजी अमदानींत मुंबई सरकारनें १८२७ सालीं कायद्यांचा मोठा संग्रह केला. त्यांतील पंचविसाव्या रेग्युलेशनानें, खटला न चालवितां माणसास राजबंदी करून ठेवण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. सत्तर वर्षांनीं पुण्यांत त्याचा प्रत्यय आला. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, आणि जुलै अखेरीस लोकमान्य टिळक व सरदार नातू बंधु यांस धरण्यांत आलें. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरर्सपैकीं सहा युरोपियनांनीं त्यांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी म्हटलें, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. न्याय झाला असें आपण म्हणणार नाहीं. पण आरोप कोणता, लेख कोणते, हें साऱ्या जगापुढें वाचलें गेलें, आणि बचावाचें भाषणहि झालें. बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. त्यांच्यावर आरोप ठेवला नाहीं, खटला झाला नाहीं. वर्षाहून अधिक काळ ते पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं बंदींत राहिले. डेलॉनचा प्रश्न सव्वादोनशें वर्षांनीं पुण्याच्या दोन सरदारांस पडला होता.

हा सारा अनुभव घटनाकारांच्या पाठीशीं होता. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जें कलम घटनासमितीपुढें मांडलें, तेंच आज घटनेचें २२ वें कलम आहे. अटक झालेल्या मनुष्यास शक्य तितक्या लवकर कारण कळविलें पाहिजे, त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, आणि २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे, असें तें सांगतें. मात्र त्याच कलमाच्या उत्तरार्धांत प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेवलेली आहे. तेथेंहि कारणें कळवावयाचीं असतात. पण सार्वजनिक हिताविरुद्ध वाटेल ती माहिती सरकारास राखून ठेवतां येते. दार बंद केलें, पण कडी सरकारच्याहि हाताला लागेल अशी ठेवली.

ती कडी १९७५ मध्यें निघाली. आणीबाणी पुकारली गेली, २१ व्या व २२ व्या कलमांसाठीं न्यायालयांत जाण्याचा हक्क तहकूब झाला, आणि ‘मिसा’ कायद्यांत वटहुकुमानें बदल करून स्थानबद्धास कारण सांगण्याची गरजच काढून टाकण्यांत आली. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनीं, अशा स्थानबद्धांचे अर्ज ऐकतां येतात, असें ठरविलें. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतांनीं तें फिरविलें. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध राहिले. बहुमतांत आपले पुण्याचे न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. पुढें २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द ठरविला, आणि तसें लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव होत.

ह्या परंपरेंतील एक ताजा निर्णय महाराष्ट्रांतील प्रकरणावरूनच झाला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ति मसीह यांच्या पीठानें असें ठरविलें, कीं गुन्हा कोणत्याहि कायद्याखालचा असो, अटकेचें कारण लेखी दिलें पाहिजे, आणि तें त्या मनुष्यास समजणाऱ्या भाषेंत दिलें पाहिजे. ह्या शेवटच्या अटीचें महत्त्व मोठें आहे. वसईच्या कोळ्यास, जव्हारच्या वारली शेतकऱ्यास जर इंग्रजी कागदावर अंगठा करावयास लाविलें, तर कारण दिलें गेलें, पण त्यास मिळालें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

श्रोतेहो, स्थानबद्धतेचे कायदे आजहि आपल्या कायदेसंग्रहांत आहेत, आणि त्यांच्याखालीं धरलेला मनुष्य बहुधा आपल्याला आवडणारा नसतो. अशा माणसाविषयीं हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला कंटाळा येतो. तो कोणी तरी गुंड असेल, सरकारास ठाऊक असेल, असें म्हणून आपण वर्तमानपत्र मिटतों. दमणांतील सभ्य लोकांनींहि डेलॉनविषयीं तसेंच म्हटलें असेल. म्हणून शेजारच्या घरांतून कोणास नेलें असें ऐकलें, तर तो भला कीं बुरा ही चर्चा मागाहून करावी. त्यास कारण लेखी दिलें काय, हें आधीं विचारावें.