जांभळ्या बदामाचं कूळ

कॅनडात मनापासून कर्लिंग खेळणारा माणूस आयुष्यभर एका कापडी तुकड्याच्या मागे असतो. जांभळा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, जॅकेटवर शिवायचा बिल्ला. आपल्या प्रांतात पहिला येऊन राष्ट्रीय स्पर्धेत उतरलात की तो मिळतो. 'पर्पल हार्ट' म्हणतात त्याला. पुरुषांच्या त्या स्पर्धेचं नाव 'ब्रायर'. बिल्ल्याचा एवढा मान बघून वाटावं की हे चिन्ह एखाद्या राजघराण्याच्या मुद्रेवरून किंवा लष्करी पलटणीच्या निशाणावरून उचललेलं असणार. प्रत्यक्षात ते आलंय चघळायच्या तंबाखूवरून.

खेळाचं आधी उरकून घेऊ. साधारण वीस किलोचा घासलेला ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरपटत सोडायचा, पुढे दोघांनी ब्रश घासत त्याची वाट गुळगुळीत करायची, आणि दगड लांबवर आखलेल्या वर्तुळात नेऊन ठेवायचा. जन्म स्कॉटलंडचा, १५४१ साली पेझली मठातल्या एका साधूनं दिलेल्या आव्हानाची लॅटिन नोंद आहे. स्कॉटिश लोकांबरोबर खेळ कॅनडात गेला आणि १८०७ मध्ये माँट्रियलला क्लबही निघाला. यावर पुस्तकं आहेत, हवी त्यानं वाचावीत. मला सांगायचंय ते तंबाखूचं.

एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत तंबाखू विकला जाई तो दाबून घट्ट केलेल्या वडीच्या रूपात. वड्या लाकडी खोक्यातून दुकानात येत आणि कंपनीचं नाव असे ते फक्त खोक्यावर. खोकं फुटलं की वडी बेवारस. दुकानदारानं चांगल्या कंपनीच्या खोक्यात हलका माल भरला तर गिऱ्हाइकाला कळायचं कसं? यावर १८७० च्या दशकात अमेरिकेत लोरिलार्ड कंपनीनं पत्र्याचा बिल्ला रूढ केला. नखाएवढा पत्रा, मागे दोन टोकं, ती वडीत रुतवून टाकायची. आता छाप खोक्यावर नाही, थेट मालावर. बघता बघता प्रत्येक कंपनीचा आपापल्या आकाराचा बिल्ला निघाला. माँट्रियलच्या मॅकडोनाल्ड कंपनीचा होता बदामाच्या आकाराचा.

बदामच का? यावर माझा एक कयास आहे. चघळायचा तंबाखू घेणारे बरेचसे लाकूडतोडे, खलाशी, शेतमजूर. त्यांना नाव वाचायला लावण्यापेक्षा 'तो बदामवाला द्या' म्हणता येणं जास्त सोयीचं. पुढे कंपनीनं 'हृदय असलेला तंबाखू' अशी जाहिरातच केली, पण ते मागाहून सुचलेलं शहाणपण असावं.

या कंपनीचा मालक मोठा विक्षिप्त. विल्यम मॅकडोनाल्ड, प्रिन्स एडवर्ड बेटावर १८३१ साली जन्मलेला, हायलंडच्या घराण्यातला. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडची पानं मिळवून त्यानं गडगंज पैसा केला, आणि तंबाखूचा मात्र मनस्वी तिटकारा! कमावलेलं त्यानं मॅकगिल विद्यापीठात ओतलं. तिथल्या त्याच्या नावाच्या भौतिकशास्त्र इमारतीत १८९८ ते १९०७ अणुशास्त्रज्ञ रदरफर्ड काम करत होता आणि तो पक्का धूम्रपानी. मालक पाहणीला येताहेत म्हटलं की धूर घालवायला खिडक्या उघडायची धांदल उडे, असं सांगतात. तंबाखूच्या पैशानं बांधलेल्या इमारतीत तंबाखू लपवायचा, ही गंमत मला अणूच्या गमतीपेक्षा कमी वाटत नाही.

मॅकडोनाल्ड १९१७ मध्ये वारला. मूल नव्हतं, कंपनी गेली त्याच्या व्यवस्थापकाच्या, म्हणजे स्ट्युअर्टच्या मुलांकडे. पश्चिम कॅनडात तिचा माल खपवणाऱ्या पेढीचा प्रमुख होता जॉर्ज कॅमेरॉन. प्रेअरीवर हिवाळाभर शेतं बर्फाखाली, माणसं रिकामी, आणि गावोगाव कर्लिंगच्या जत्रा भरत. या जत्रांत गर्दी कोणाची? नेमकी कंपनीच्या गिऱ्हाइकांची. आधी मॅनिटोबातल्या विजेत्यांना आगगाडीनं पूर्वेकडे खेळायला पाठवण्याचा घाट घातला गेला आणि मग १९२७ मध्ये टोरांटोच्या ग्रॅनाइट क्लबात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जिंकली नोव्हा स्कोशियाच्या मरे मॅकनीलनं. स्पर्धेला नाव दिलं कंपनीच्या एका तंबाखूचं, आणि तोच ब्रायर. बदाम सोबत आलाच.

आता या नावावरून वाद. इंग्रजीत ब्रायर म्हणजे काटेरी रानगुलाब. म्हणून कोणी म्हणतं, नाव त्या फुलाचं. मला हे अजिबात पटत नाही. ब्रायर नावाची दुसरीही एक वनस्पती आहे: भूमध्य सागराकाठचं एक झुडूप, फ्रेंचमध्ये ब्रुयेर. त्याच्या मुळाशी लाकडाची जी गाठ धरते ती सहजी जळत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात तिचे पाइप कोरू लागले. तेव्हापासून धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडी ब्रायर म्हणजे पाइप. तंबाखू विकणाऱ्यानं आपल्या मालाला पाइपच्या लाकडाचं नाव दिलं असेल की कुंपणावरच्या काट्याचं? पुढचं मी वाचकावर सोडतो, पण पैज पाइपवर.

रंगाचा वाद जास्त अवघड. अमेरिकेत जखमी सैनिकांना 'पर्पल हार्ट' नावाचं पदक देतात, तेव्हा कॅनडानं ते उचललं असा समज होणं साहजिक आहे. शिवाय मूळ पदक, वॉशिंग्टननं १७८२ मध्ये सुरू केलेलं, खरोखरच जांभळ्या कापडाचा बदाम होतं! पुरावा जबरदस्त वाटतो. पण तो मान मोजक्याच सैनिकांना मिळाला, मग दीडशे वर्षं विसरला गेला, आणि त्याचं पुनरुज्जीवन झालं १९३२ मध्ये. तोवर ब्रायर पाच वर्षांची झाली होती आणि पत्र्याचा बदाम तर त्याहून कितीतरी जुना. आकाराचं कूळ तंबाखूच्या वडीत आहे. रंगापुरती अमेरिकेला थोडी जागा द्यायची तर देऊ, त्याहून इंचभर जास्त नाही.

या बिल्ल्याला शोभणारा गडी म्हणजे मॅनिटोबाचा ऑरेस्ट मेलेस्चुक. बर्फावर सिगारेट ओढत खेळणारा हा धिप्पाड माणूस १९७२ ची ब्रायर जिंकून गार्मिश-पार्टेनकिर्शनला जागतिक स्पर्धेत गेला. अमेरिकेविरुद्ध शेवटचा दगड सुटला, कॅनडा हरला असं दिसलं. अमेरिकेचा कप्तान बॉब लाबाँट आनंदानं उडाला, घसरला, आणि त्याचा पाय कॅनडाच्या दगडाला लागला. मोजणी होण्याआधीच! गुण कॅनडाला गेले, बरोबरी झाली, जादा डावात कॅनडा जिंकला. त्यानंतर १९८० पर्यंत कॅनडाला जगज्जेतेपद मिळालं नाही. लोक अजून त्याला लाबाँटचा शाप म्हणतात.

आपल्याकडेही १९९६ चा विश्वचषक विल्सच्या नावाचा होता. सिगारेट मैदानावरून गेली तसं ते नावही गेलं. कॅनडात उलट झालं. मॅकडोनाल्ड १९७९ नंतर बाहेर पडली, मग बिअरवाले लॅबॅट आले, मोबाइलवाले नोकिया, कॉफीवाले टिम हॉर्टन्स, आता माँटानाज नावाचं रेस्तराँ. प्रत्येकानं आपलं नाव पुढे जोडलं, ब्रायर हा शब्द मात्र कोणाला हलवता आला नाही. लॅबॅटनं करंडक बदलून पाहिला, तर २००१ मध्ये जुनाच परत आणावा लागला.

बायकांच्या स्पर्धेची गोष्ट तर त्याहून मजेची. १९७२ ते १९७९ तिचं नाव होतं 'मॅकडोनाल्ड लॅसी'. लॅसी म्हणजे कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटावरची स्कॉटिश पोशाखातली मुलगी, रेक्स वुड्स या चित्रकारानं १९३५ साली रंगवलेली. कंपनी गेली, दोन वर्षं स्पर्धा प्रायोजकाविना झाली, आणि १९८२ पासून स्कॉट पेपरनं ती 'टूर्नामेंट ऑफ हार्ट्स' म्हणून उचलली. स्पर्धा फेब्रुवारीत असते, बायकांची आहे, म्हणून हे बदाम व्हॅलेंटाइनचे असं मला एकदोघांनी सांगितलंय. मी मानत नाही. बदाम आधीच कर्लिंगच्या अंगावर होता. नव्या यजमानानं फक्त तो मोजून बहुवचनी केला. यजमानाचा धंदा कागदी रुमालांचा, तेव्हा तंबाखूच्या डागाची निदान काळजी नको.