शादीखाना, ईदगाह आणि जलसे : गेटवरच्या माणसाला प्रथमोपचार यायला हवेत

लग्न, वलिमा, जलसा किंवा ईदची नमाज. गर्दी जमली की गेटवर वॉचमन असतो, नाहीतर बिल्ला लावलेले मोहल्ल्यातले तरुण. गाड्या लावणे, रांग सांभाळणे एवढंच त्यांचं काम आपण धरतो. पण कुणी कोसळलं तर बहुतेकदा पहिल्यांदा तेच पोहोचतात.

एका वलिम्यात आम्ही हे पाहिलं. एक बुजुर्ग खुर्चीवरून खाली आले. भोवती गर्दी झाली, कुणी बेशुद्ध माणसाला पाणी पाजू लागलं. रुग्णवाहिका आली, तर गेटसमोर पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. बुजुर्ग वाचले, पण मोलाची मिनिटं वाया गेली.

कायदा काय सांगतो?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकासाठी 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण ठरवलं आहे. त्यात प्रथमोपचार हा विषयही आहे. म्हणजे एजन्सीला याबद्दल विचारणं हा आपला हक्कच आहे.

रक्षकाला काय यायला हवं?

1. हृदय बंद पडणे : माणूस हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने 108 लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताने दाब सुरू करावा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. अधूनमधून घरघर किंवा आचका आला तर तो श्वास समजू नये. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. रुग्ण बाई असेल तर संकोचाने थांबू नये. चादरीचा आडोसा करावा, पण दाब थांबवू नये.

2. घास अडकणे : खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग पोटावर वरच्या दिशेने पाच झटके. गरोदर बाई आणि एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देऊ नयेत, छातीवर द्यावेत.

3. भाजणे : देगेजवळ हे हमखास होतं. अंगठी, बांगड्या लगेच काढा. नळाचं वाहतं पाणी 20 मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

4. रक्तस्राव : स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब. कापड सारखं उचलून बघू नये.

5. फिट : धरून ठेवू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालली तर 108.

6. गर्दीची चेंगराचेंगरी : अशा वेळी छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानेच बरेच जीव जातात. म्हणून आत येणारी माणसं आधी थांबवा, बाहेर जाणारे सगळे दरवाजे उघडा.

गेटवरची तयारी

108 ला हॉलचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण सांगता यायला हवी. एक माणूस रस्त्यावर उभा राहून गाडीला वाट दाखवेल. मागच्या दरवाजाची चावी कुणाकडे, हे प्रत्येकाला माहीत असावं.

हे शिकायला एक-दोन दिवस पुरतात. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असे वर्ग घेतात. मशीद कमिटी आणि हॉलचे ट्रस्टी यांनी वॉचमनसोबत मोहल्ल्यातल्या चार मुलांना आणि चार मुलींनाही पाठवावं. बायकांच्या बाजूला काही झालं तर त्याच पहिल्या पोहोचतील.

पुढच्या वेळी हॉल बुक करताना भाडं आणि पार्किंग विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : इथे प्रथमोपचार कुणाला येतात?